काळी रेघ कुणाची? एका झाकणावरच्या नक्षीचं प्रकरण

काम ऐकायला साधं होतं. चांदीची गोल डबी, ४६ मिलिमीटर व्यासाचं झाकण, मध्याशी किंचित फुगीर. जुन्या झाकणाला तडा गेला होता म्हणून नवं कोरं झाकण घडवून झालं होतं. त्याच्यावर जुन्यासारखीच नक्षी हाताने कोरून हवी होती. कडेने पानांची वेल, मध्ये एकमेकांत गुंफलेली ‘म’ आणि ‘र’ ही दोन अक्षरं. डबीच्या मालकीणबाईंनी जुन्या झाकणाचा फोटो मोबाइलवर पाठवला. खाली लिहिलं होतं, “अगदी असंच करून द्या.” मी कळवलं, “होईल.”

त्या ‘होईल’ची ही हकीकत आहे. यात कोरण्याच्या कसबाबद्दल फार काही नाही. कोरणी हातात घेण्याआधी कागदावर जे उरकायचं असतं ते मी उरकलं नव्हतं, आणि मग ते चांदीवर उरकायची वेळ आली.

पहिली छाप

फोटो संगणकावर घेतला, उजेड-अंधार ताणून काळापांढरा केला, गोल जरा लंबगोल झाला होता तो ओढून ४६ मिलिमीटरवर आणला. मग सॉफ्टवेअरला सांगितलं की रेघा आखून दे. त्याने काही सेकंदांत दिल्या. लेझर प्रिंटरवर उलटी प्रिंट काढली, झाकणावर पालथी ठेवली, असिटोन या द्रावकाने छाप उठवली. हातभर अंतरावरून पाहिलं तर झकास दिसत होती.

मायक्रोस्कोपखाली दहापट मोठी करून पाहिली आणि पहिल्याच पानाशी अडलो. वेलीचा देठ म्हणजे मूळ नक्षीत कोरणीचा एकच काप. माझ्या छापेत तिथे दोन रेघा होत्या, शेजारी शेजारी, मध्ये केसभर मोकळी जागा. यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. त्याच्या लेखी काळी रेघ म्हणजे एक लांबट काळा आकार, आणि आकार म्हटला की त्याला दोन कडा. त्याने इमानेइतबारे दोन्ही आखून दिल्या होत्या. इंकस्केपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये रेघेच्या मधोमध एकच रेघ आखायची सोय आहे, पण ती निवडावी लागते. शिवाय ती निवडली तरी जिथे दोन रेघा मिळतात तिथे ती हमखास अडखळते.

तरीही मी कोरायला बसलो, हे कबूल केलेलं बरं. पहिल्या देठाला बाहेरची रेघ धरली. दुसऱ्या देठापाशी हात वळवायला सोयीचं म्हणून नकळत आतली धरली. दोन देठ झाल्यावर मागे सरून पाहिलं. एक पान वेलीला बिलगलेलं, दुसरं वेलीपासून तुटल्यासारखं लांब. थांबलो.

इथे रेघेच्या जाडीचा घोळ समजून घ्यायला हवा, कारण निम्म्या चुका तिथून निघतात. ९० अंशांच्या धारेच्या कोरणीने कापलेली रेघ तिच्या खोलीच्या दुप्पट रुंद होते. १२० अंशांची कोरणी असेल तर जवळजवळ साडेतीनपट. म्हणजे रेघ शेवटी किती जाड दिसणार हे कोरणीचा कोन आणि हाताचा दाब ठरवतो, छाप ठरवत नाही. कोरणीचं टोक कुठून जायचं, एवढंच छापेने सांगायचं असतं. चित्रात रेघ जाड-बारीक करून सौंदर्य आणायची आपल्याला सवय असते. छापेत तीच जाडी आली की धातूवर प्रश्न उभा राहतो: ही काळी रेघ कुणाची? पानाची की जमिनीची, म्हणजे नक्षीमागच्या मोकळ्या पृष्ठभागाची? तिच्या डाव्या कडेवरून कापू, उजव्या की मधून? हा प्रश्न कोरताना दर काही सेकंदांनी पडू लागला तर नक्षी हाताची राहत नाही, अंदाजाची होते.

बाकीचे दोष पटापट सांगतो. मूळ झाकणावर पानांच्या पोटात छटेच्या बारीक रेघा होत्या. झिजल्यामुळे आणि उजेड समोरून पडल्यामुळे फोटोत त्यांचे नुसते डाग झाले होते, आणि डाग तसेच छापेत उतरले. काही भाग राखाडी राहिला होता. लेझर प्रिंटरकडे राखाडी शाई नसते, तो राखाडी जागी काळे ठिपके पेरतो. मायक्रोस्कोपखाली ते ठिपके रेघेच्या कडेला मुंग्या लागल्यासारखे दिसतात आणि कड कुठे संपते ते कळत नाही. मोबाइलवरून आलेला फोटो बहुधा जेपीईजी असतो. ही पद्धत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून त्यांतला तपशील कमी करते, त्यामुळे काळ्या रेघेभोवती अशी राखाडी धूळ आपोआप तयार होते. आणि सगळ्यात लाजिरवाणा दोष म्हणजे प्रिंटरच्या खिडकीत ‘पानात बसव’ हा पर्याय तसाच राहिला होता. छपाई ९७ टक्क्यांवर झाली, ४६ चे ४४.६ मिलिमीटर झाले. वेल कडेपासून दीड मिलिमीटर आत बसायची ती दोनच्याही पुढे गेली.

कोरलेले दोन देठ घालवायला अर्धा दिवस लागला. काप ०.१ मिलिमीटरपेक्षा उथळ होते म्हणून निभावलं. खरवडणीने पृष्ठभाग हलक्याने खाली आणला, घोटणीने घोटला, पुन्हा पॉलिश पेपर फिरवला.

जुनं झाकण हातात आल्यावर

बाईंना फोन करून जुनं झाकणच पाठवायला सांगितलं. “फोटो चालला नाही का?” असं त्यांनी विचारलं. चालला नव्हता, पण खरं तर फोटोवर विसंबून मी माझा आळस चालवला होता. जवळून काढलेल्या मोबाइलच्या फोटोत मधला भाग फुगतो, कडा मागे पळतात, आणि मापाला तर काहीच आधार नसतो. फोटोच घ्यायची वेळ आली तर मी आता तीन गोष्टी सांगतो. दोन हात लांबून झूम करून, बरोबर वरून काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा. आणि उजेड एका बाजूने, अगदी तिरपा पडू द्या, म्हणजे प्रत्येक कापाची एक कड सावलीत जाते आणि उथळ रेघासुद्धा दिसतात.

पण वस्तूच हाताशी असेल तर फोटोची गरज नाही. जुन्या झाकणावर काळी छपाईची शाई बोटाने चोळली, ती कापांमध्ये भरली. मग गुळगुळीत कागदाने पृष्ठभाग पुसून काढला, शाई फक्त कापांत राहिली. वरून पारदर्शक चिकटपट्टी दाबून बसवली, नखाने घासली आणि हळूच उचलली. कापातली शाई पट्टीला लागून वर आली. ती पट्टी पांढऱ्या कागदावर चिकटवली की नक्षी सुलटीच दिसते आणि माप एकास एक. ना लेन्सचा दोष, ना अंदाज. फुगीर भागावर एक अख्खी पट्टी बसत नाही, म्हणून तीन अरुंद पट्ट्या वापरल्या आणि नंतर जुळवल्या. जिथे मूळ नक्षी झिजली होती तिथे काहीच उठलं नाही, पण फोटोतल्या खोट्या डागांपेक्षा ती कोरी जागा परवडली. कोरी जागा निदान सांगते की इथे तुला विचार करायचा आहे.

चारपट मोठं चित्र

हा ठसा १२०० डीपीआयने, म्हणजे इंचाला १२०० ठिपके या हिशेबाने, स्कॅन केला. या रिझोल्यूशनला ४६ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ २१७० पिक्सेल होतात, मोठं करून पाहायला पुरेसे. चारपट मोठा छापला, वर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि सगळी नक्षी पेन्सिलने नव्याने काढली. गिरवली नाही. आधी वेलीचा कणा काढला, म्हणजे तो मुख्य वळत जाणारा देठ, एकही पान न काढता. कण्याचं वळण जिथे अडखळतं तिथे पानांनी कितीही झाकलं तरी धातूवर ते उघडं पडतं. कणा सलग वळतोय अशी खात्री झाल्यावरच पानं लावली.

पेन्सिलवर शाई फिरवताना ०.५ मिलिमीटरचं पेन घेतलं, आणि हा आकडा सहज आलेला नाही. चारपट लहान केल्यावर ०.५ चे ०.१२५ मिलिमीटर होतात. ६०० डीपीआयच्या प्रिंटरचा एक ठिपका सुमारे ०.०४२ मिलिमीटरचा. म्हणजे रेघेची जाडी तीन ठिपक्यांची. एक ठिपका जाडीची रेघ कागदावर दिसते, पण धातूवर उतरताना तुटते. दोन ठिपक्यांची कधी टिकते, कधी नाही. तीनची टिकते, आणि दहापट मायक्रोस्कोपखाली ती सव्वा मिलिमीटरची दिसते, म्हणजे कोरणीच्या टोकाला अजून भरवशाची वाट मिळते. मी पूर्वी ०.३ च्या पेनाने आखत असे आणि छाप तुटली की असिटोनला दोष देत असे.

मग त्या काळ्या रेघेची मालकी ठरवली. वेलीचा देठ, पानाची शीर, असे एकाच कापाचे भाग एकाच रेघेने दाखवायचे, आणि काप त्या रेघेच्या मधून काढायचा, काळं संपेपर्यंत. अक्षरांभोवतीची जमीन खाली उतरवून अक्षरं उठावदार ठेवायची होती, म्हणून अक्षरांची बाह्यरेषा ही अक्षराची. तिथे काप काळ्याच्या बाहेरून, काळं शाबूत ठेवून. नियम दोनच, पण ते चित्र काढण्याआधी ठरले म्हणून प्रत्येक रेघ त्या हिशेबाने काढता आली.

हा हिशेब ‘म’च्या गाठीत उपयोगी पडला. अक्षरांची उंची १२ मिलिमीटर, आणि ‘म’च्या डाव्या गाठीतली पोकळी आकाराच्या कडेपासून कडेपर्यंत जेमतेम ०.६. बाह्यरेषा बरोबर कडेवर काढली तर दोन्ही बाजूंनी मिळून तिची एक अख्खी जाडी पोकळीत शिरते आणि ०.४७५ उरतात. रेघ पूर्णपणे अक्षराच्या अंगात ओढून घेतली तर ०.६ शाबूत. कागदावर हा फरक डोळ्यालाही जाणवत नाही. सपाट कोरणीचं टोक गाठीत फिरवायचं असेल तर तो कामच होणार की नाही हे ठरवतो.

गुंफणीत आणखी एक काम निघालं. ‘म’ आणि ‘र’ची शिरोरेषा एकच, खाली दांड्या एकमेकींना छेदतात. एक दांडी वर, मग खाली, मग वर, असं आलटून पालटून यायला हवं. जिथे दांडी दुसरीखालून जाते तिथे तिची रेघ अलीकडेच तोडली, मोठ्या चित्रात १ मिलिमीटर मोकळा ठेवून, म्हणजे प्रत्यक्षात पाव मिलिमीटर. रेघा भिडवल्या की छापेत त्या कोपऱ्यात टोनरचा, म्हणजे लेझर प्रिंटरच्या काळ्या भुकटीचा, गोळा होतो आणि वर कोण, खाली कोण ते कळेनासं होतं.

छटेच्या रेघा छापेसाठीच्या चित्रात घेतल्याच नाहीत. एकही नाही. त्या दुसऱ्या प्रतीवर, मोठ्या आकारात, लाल पेन्सिलने काढल्या आणि ती प्रत कोरताना समोर टांगली. छटा डोळ्याने आणि हाताने करायची असते. छापून घेतलेल्या छटेमागे कोरणी नेली की प्रत्येक रेघ स्वतंत्रपणे बरोबर येते आणि पान मात्र मेलेलं दिसतं. वेलीचे सहा भाग होते. त्यांतला एकच काढून ६० अंशांनी फिरवत सहा केले असते तर एका दुपारी काम संपलं असतं. मूळ कारागिराने तसं केलं नव्हतं, त्याची सहाही वळणं थोडी थोडी वेगळी होती. मीही सहा वेगवेगळीच काढली. कुणी याला हट्ट म्हणेल, म्हणो.

शाईचं चित्र स्कॅन करताना ‘काळं-पांढरं’ हा पर्याय घेतला, राखाडी नाही, आणि जेपीईजीसारखा तपशील न घालवणाऱ्या पीएनजी फाइलमध्ये साठवलं. एकेक बारीक ठिपका पुसून काढला. इथे कंटाळा केला तर तो ठिपका धातूवर पानावरचा खरा तपशील वाटतो.

फुगीर पृष्ठभागाची अडचण

झाकण मध्याशी ३ मिलिमीटर उंच होतं. या कडेपासून त्या कडेपर्यंत वक्रावरून मोजलं तर ४६.५ मिलिमीटर भरतात. अर्धा मिलिमीटर म्हणजे फार नाही. खरी अडचण घेराची आहे. सपाट कागदाचा तेवढा गोल कापला तर त्याचा परीघ १४६ मिलिमीटरच्या थोडा वर, झाकणाच्या कडेचा साडेचौदा सेंटिमीटर. दीड मिलिमीटरहून जास्त कागद कुठेतरी जाणारच. आपण वाट दिली नाही तर तो सुरकुती पाडतो, आणि सुरकुती नेमकी पानावर पडते.

म्हणून कडेकडून आत सहा चिरा दिल्या, वेलीच्या दोन भागांमधल्या रिकाम्या जागेतून. प्रत्येक चिरेला साधारण पाव मिलिमीटर कागद एकमेकांवर चढतो आणि तिथे काही छापलेलंच नसल्याने काही बिघडत नाही. भागांमध्ये तेवढी रिकामी जागा चित्र काढतानाच ठेवली होती, ही गोष्ट आयत्या वेळी सुचून उपयोग नाही.

उतरवणं

कागदाच्या कोपऱ्यात ५० मिलिमीटरची एक रेघ मुद्दाम ठेवली होती. छपाई ‘मूळ आकारात’ करून व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापाच्या पकडपट्टीने, मोजली. आडवी ५०.०, उभी ४९.८. कागद प्रिंटरमधून ज्या दिशेने जातो त्या दिशेला थोडी चूक येते. झाकणावर ती पाव मिलिमीटरहून कमी भरते, म्हणून सोडून दिली. टोनर वाचवायचा पर्याय बंद, काळेपणा पूर्ण. एका पानावर त्याच नक्षीच्या पाच प्रती, उलट्या. एक बिघडेल हे गृहीत धरून.

पारदर्शक फिल्म वापरली तर आरपार दिसतं आणि जागेवर बसवणं सोपं जातं, पण फिल्म फुगीर भागाला बिलगत नाही. लेझर प्रिंटरमध्ये टोनर वितळवण्यासाठी उष्णता असते, त्यामुळे फिल्मही लेझरसाठीचीच हवी, नाहीतर प्रिंटरच्या पोटात चिकटते. मी पातळ गुळगुळीत कागद घेतला आणि जागा जुळवण्यासाठी नक्षीबाहेर चार खुणा ठेवल्या. तशाच चार खुणा झाकणाच्या उभ्या कडेवर मार्करने केल्या.

झाकणाला १००० नंबरचा पॉलिश पेपर फिरवला. आरशासारख्या चकाकीवर टोनर नीट धरत नाही, आणि मायक्रोस्कोपच्या दिव्याखाली ती डोळ्यात घुसते. मग धुतलं, स्पिरिटने पुसलं आणि त्यानंतर बोट लावलं नाही, असं मला वाटलं होतं.

टोनर म्हणजे काळा रंग मिसळलेली प्लास्टिकची भुकटी. असिटोनने ती मऊ होते आणि धातूला चिकटते. बोळा ओला हवा पण निथळता नाही. जास्त झालं की टोनर तरंगतो आणि रेघा पसरतात. असिटोन लागताच कागद अर्धपारदर्शक होतो, खालची नक्षी दिसू लागते. तेवढ्यात घोटणीने मध्याकडून कडेकडे दाबत जायचं. असिटोन ५६ अंशांना उकळतं, साध्या हवेतही झरझर उडतं. कागद पुन्हा पांढरा झाला की ते गेलं असं समजायचं आणि मगच सोलायचं. ओला असताना सोलला तर अर्धा टोनर कागदाबरोबर परत येतो. खिडकी उघडी आणि गॅसची ज्योत बंद, हे अर्थात आधी.

पहिली प्रत सोलली. पाच भाग स्वच्छ, सहाव्यात मध्ये अंगठ्याएवढी जागा कोरी. माझ्याच अंगठ्याएवढी. सगळं असिटोनने पुसलं, पुन्हा साफ केलं, दुसरी प्रत लावली. ती पूर्ण उठली. वर स्पिरिटमध्ये पातळ केलेल्या लाखेचा एक हात, म्हणजे कोरताना तळहाताने पुसलं जाणार नाही. असिटोनवर चालणारं लॅकर इथे लावलं तर टोनरच विरघळून वाहतो. हाही धडा फुकट मिळालेला नाही.

निष्पत्ती

कोरायला चार दिवस लागले आणि त्या चार दिवसांत ‘ही रेघ कुणाची’ हा प्रश्न एकदाही पडला नाही. वेल कडेपासून दीड मिलिमीटरवर बसली, एका ठिकाणी मोजून १.३. एक गोष्ट मनासारखी झाली नाही. जमीन खाली उतरवून काळवल्यावर चकचकीत अक्षरं होती त्यापेक्षा जाड दिसू लागली, आणि ‘म’ची गाठ मापात बरोबर असूनही बुजल्यासारखी वाटते. काळ्यावर उजळ आकार नेहमीच पसरलेला दिसतो. कागदावर पांढऱ्यावर काळं पाहत असल्याने हे कळायला मार्ग नव्हता. चित्र संगणकावर उलट्या रंगात एकदा पाहिलं असतं तर कळलं असतं. पुढच्या वेळी पोकळी दहा टक्के मोठी काढीन.

बाईंना झाकण आवडलं. आठवड्याने त्यांचा पुन्हा फोन आला. तीच अक्षरं लाखेवर उठवायच्या मोहोरेवर हवी होती. “चित्र तर तयारच आहे ना तुमच्याकडे?”

यावेळी लगेच ‘होईल’ म्हटलं नाही. मोहोर धातूवर उलटी कोरावी लागते तेव्हा लाखेवर सुलटी उठते. म्हणजे प्रिंट सुलटी काढायची, पालथी घातली की ती आपोआप उलटी होईल. छापचित्रं करणाऱ्यांना हे रोजचंच. जर्मन चित्रकार ड्यूररने १५०४ साली कोरलेल्या अॅडम आणि ईव्ह यांच्या चित्रात फांदीवरच्या पाटीवरचं नाव छापावर सरळ वाचता येतं, ते त्याने तांब्यावर उलटं कोरलं म्हणूनच. पण नुसती बाजू फिरवून भागत नव्हतं. लाखेवर अक्षर उठावाचं हवं तर धातूत अक्षरच खणायचं आणि जमीन तशीच ठेवायची. झाकणाच्या चित्रात काळी रेघ अक्षराच्या अंगात घेतली होती. मोहोरेत ती जमिनीकडे जायला हवी, आणि काप तिच्या आतून. त्याच फाइलवरून काम केलं असतं तर प्रत्येक दांडी दोन्ही बाजूंनी एकेका रेघेने बारीक झाली असती, आणि मोहोरेवर अक्षरं लहान असल्याने ते सरळ दिसलं असतं.

तेव्हा ट्रेसिंग पेपर पुन्हा काढला. आता कपाटात दोन पाकिटं आहेत. एकावर लिहिलंय, “झाकण. उलटी प्रिंट, काळ्याच्या बाहेरून.” दुसऱ्यावर, “मोहोर. सुलटी प्रिंट, काळ्याच्या आतून.”